अकरा आकडे

गुणवंत हेडाऊ जिना बांधतो.
सात पायऱ्या, खाली चाकं, मागून नुसत्या पट्ट्या.
लकडगंजातून आणलेलं देवदार, पॅकिंगच्या खोक्यांचं,
एका फळीवर अजून कुठल्याशा पंपाचं नाव.
त्याचा बाप टांडापेठेत हातमागावर बसायचा.
चौकटीवर कापड ताणलं की हा टिचकी मारून कान लावतो.
फ्लॅट बोलला पाहिजे, म्हणतो,
मुका राह्यला त भिंत वाटत नाही.

मी नृत्य बसवते. असं जाहिरातीत छापतात,
छापलंच तर.
खरं काम म्हणजे नायिकेला वळायला शिकवणं,
भांडणाऱ्या दोघांना एकमेकांच्या अंगठ्यांपासून वाचवणं,
मरणाऱ्याला गुडघे न फोडता मरता येणं.

त्या वर्षी दुसऱ्या अंकात चौदा सेकंदांचा काळोख होता.
जिना आत, पलंग बाहेर.
दिग्दर्शक म्हणाला, पोट्टे करतील.
पोट्टे चार: नितेश, फिरोज, लांजेवार, बोरकरांचा मोठा.
पहिल्याच तालमीत चौघं जिन्यासकट विंगेत घुसले.
गुणवंतनं कपाळ धरलं.
"मॅडम, यायले नाच शिकवा."
गंमत केली होती त्यानं.
मी शिकवला.

अनवाणी. डोळ्यांवर माझीच ओढणी, फाडून चार तुकडे.
एकला उजवा पाय, तीनला वजन, सहाला वळण,
सातला फिरोज थांबेल, बाकीचे त्याच्या थांबण्याभोवती.
अकराला हात काढा. श्वास नंतर.
वाचलेले तीन सेकंद
मी नटीला दिले, पदर बदलायला.

आजवर बसवलेलं सगळ्यात नेटकं नृत्य ते.
कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा.
विंगेत उभी राहून ऐकलं फक्त:
सुपात तांदूळ सरकावेत तसे आठ तळवे,
मग एक बारीक टक्,
जिन्याची खिट्टी बसल्याचं.

निकालात नेपथ्याला दुसरं बक्षीस,
प्रमाणपत्रावर नाव 'गुणवंत होडाऊ'.
आमच्या अकरा आकड्यांना रकानाच नव्हता.
त्यानं ते लॅमिनेट करून ठेवलंय, होडाऊसकट.
त्यावर विनोद केलेला त्याला चालत नाही.

पुढे नाटकं संपली, असं नाही म्हणणार मी.
नाटकं होतात. आमच्या मुलींच्या फिया सुरू झाल्या.
तो बेसा रोडच्या लॉनवर लग्नाचे स्टेज उभारतो,
थर्माकोलचे हत्ती, सोनेरी कमानी.
मी वरमाया आणि मावश्यांना चार गाण्यांवर हात हलवायला शिकवते.
नाटकाच्या सहापट पैसे. तेही रोख.

यंदा मेमध्ये एकाच लग्नात सापडलो.
रात्री नवालाही कूलर झळाच फेकत होते.
नवरी लाल गालिच्यावर निघाली
आणि जनरेटर बसला.
सगळं लॉन काळं.
वरमालेच्या जागेवर सिंहासन तसंच आडवं,
त्याच्याकडे चालत येणारी, घुंघट ओढलेली पोरगी.
कुणी मोबाइल शोधतंय, कुणी जनरेटरवाल्याची आई काढतंय,
त्यात मला ऐकू आलं,
ओरडून नाही, नुसतं:
"एक."

मंडपाच्या माणसांत फिरोज होता, टक्कल पडलेला,
बोरकरांचा मोठा, पोट सुटलेला.
बाकी दोघं कोण, कळलं नाही.
गालिच्यावर तळवे.
तीन. सहाला वळण.
माझ्या ओठांवर सात आला, पाय आपोआप जुळले.
अकराला मी रिकाम्या हवेतून हात काढले.
लाकूड जरा उशिरा टेकलं.

दिवे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या,
दिव्यांना.
नवरी मोकळ्या जागेत उभी होती,
जशी काही जागा नेहमीच मोकळी असते.

कमानीच्या मागच्या बाजूला, बांबू आणि खिळ्यांत,
गुणवंत खर्रा घोटत होता.
"बारा लागले," मान वर न करता म्हणाला,
"तो नवा पोट्टा सातला थांबतच नाही."
मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.
म्हटलं, उद्या सकाळी पाठवा त्याला.
अनवाणी.